ड्रमपासून डिस्कपर्यंत : जुन्या फियाटचा ब्रेक आणि भंगारबाजार



मोटारीसंबंधीं आपल्याकडे जें कांहीं लिहिलें-बोललें जातें, तें बहुतेक तिच्या एंजिनासंबंधीं, रंगरूपासंबंधीं किंवा तिच्या मालकाच्या ऐपतीसंबंधीं असतें. गाडी किती वेगानें धांवते हें लहान मुलालाहि विचारावेंसें वाटतें; ती किती अंतरांत थांबते हा प्रश्न विकत घेणारा मोठा माणूससुद्धां क्वचितच विचारतो. त्यामुळें ब्रेकचा इतिहास हा मोटारीच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित कोपरा राहिला आहे. त्या कोपऱ्यांतली एकच गोष्ट आज मला आपणांपुढें मांडावयाची आहे. १९६६ सालीं इटलींतील फियाट कारखान्यानें आपल्या ‘अकराशें’ या गाडीच्या पुढच्या दोन चाकांना डिस्क ब्रेक बसविले. तीच गाडी आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ निघत राहिली. पण मुंबईच्या टॅक्सीवाल्याच्या पायाखालीं तो ब्रेक आला नाहीं. कारखान्यानें जें काम सोडून दिलें तें पुढें भंगारबाजारानें आणि गल्लींतल्या मिस्त्र्यानें कसें हातीं घेतलें, त्यांत कोणता धोका होता आणि आहे, हा आजच्या भाषणाचा विषय.

प्रथम हे दोन ब्रेक म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारें, खोलगट परातीसारखें, ओतीव लोखंडाचें भांडें. त्याच्या पोटांत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू असतात आणि त्यांवर घर्षणाचा पट्टा बसविलेला असतो. गॅरेजमध्यें त्याला लायनर म्हणतात. पेडल दाबलें कीं ब्रेक ऑइलचा दाब येऊन हे शू बाहेरच्या बाजूस फांकतात व भांड्याला आंतून घांसतात. या रचनेंत एक मोठी सोय आहे. फिरणारें भांडें पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढूं पाहतें आणि त्या ओढण्यानेंच तो शू अधिक घट्ट बसतो. म्हणजे चाकच ब्रेकला मदत करतें आणि चालविणाऱ्याच्या पायाला थोडकें बळ पुरतें. पण दोषहि याच रचनेंत आहेत. घर्षणाची उष्णता बंद भांड्यांत कोंडते. भांडें तापून फुगतें, म्हणजे शूपासून दूर सरतें. लायनरची पकड कमी होते. पेडल खोल जातें आणि गाडी मात्र थांबत नाहीं. दुसरा दोष पाण्याचा. भांड्यांत शिरलेलें पाणी लौकर बाहेर पडत नाहीं, आणि ओला लायनर लोखंडावरून नुसता घसरतो. पावसाळ्यांत साठलेल्या पाण्यांतून गाडी काढल्यावर जुने टॅक्सीवाले पुढचे शंभर-दोनशें पावलें ब्रेकवर हलकासा पाय ठेवून जात, तें लायनर वाळविण्यासाठीं.

डिस्क ब्रेकची रचना याहून उघडी आहे. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते आणि कॅलिपर नांवाचा चिमटा तिला दोन्ही बाजूंनीं पॅडमध्यें धरतो. तबकडी वाऱ्यांत उघडी असल्यानें लौकर निवते. तापून फुगली तरी ती पॅडकडेच सरकते, दूर जात नाहीं. आणि तिच्यावरचें पाणी फिरण्यानेंच झटकलें जातें. मात्र येथें चाक मदत करीत नाहीं. सगळें बळ पायाला, किंवा पायाच्या मदतीला दिलेल्या बूस्टरला, लावावें लागतें.

एक साधें गणितहि लक्षांत ठेवावें. गाडीचा वेग दुप्पट झाला तर तिच्यांतली गतीची शक्ति चौपट होते. ताशीं ४० किलोमीटरनें जाणारी गाडी थांबवितांना जेवढी उष्णता ब्रेकला गिळावी लागते, तिच्या चौपट ताशीं ८० वर गिळावी लागते. घाट उतरतांना तर हें गिळण्याचें काम थांबतच नाहीं. आमच्या मोहन्याहून शहाडला आलें कीं तेथून मुरबाडचा रस्ता लागतो आणि तो टोकावड्यावरून माळशेज घाटास जातो. माझ्याकडे १९६७ सालची अकराशें-डी जातीची फियाट आहे. एका आषाढांत जुन्नरकडून परत येतांना, घाट अर्धा उतरला नसेल तोंच, तिच्या लायनरचा जळका वास आला आणि पेडल दोनदां तळाला जाऊन टेकलें. पुढें एक दुधाची गाडी, बाजूस धबधबा पाहावयास उभी असलेली मंडळी. दुसऱ्या गिअरवर आणि हँडब्रेकवर ती कशीबशी खालीं आणली. ब्रेकांत कांहीं बिघाड नव्हता. लायनर नवे होते, ऑइल नवें होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं गार झाल्यावर तेच ब्रेक उत्तम लागले. ड्रमचा हा स्वभाव आहे, आणि तो ज्यानें घाटांत अनुभवला आहे त्याला पुढची सारी खटपट कां करावीशी वाटते हें समजावून सांगावें लागणार नाहीं.

डिस्कची कल्पना कांहीं ड्रमहून नवी नाहीं. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज यंत्रज्ञानें १९०२ सालींच तिचें पेटंट घेतलें. त्याच वर्षीं फ्रान्समध्यें लुई रेनॉ यानें ड्रम ब्रेकला आजचें रूप दिलें. पण लँचेस्टरच्या ब्रेकांत धातूवर धातु घांसे आणि त्याचा कर्कश आवाज सोसवत नसे. ड्रमची सरशी झाली आणि ती पन्नास वर्षें टिकली. डिस्क परत आली ती विमानांतून. उतरणाऱ्या जड विमानाला थोड्या जागेंत थांबविण्यासाठीं ती वापरांत आली, आणि डनलॉप कंपनीनें विमानांचा तो अनुभव मोटारींकडे आणला. १९५३ सालीं फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतींत जॅग्वारची सी-टाइप गाडी डनलॉपच्या डिस्क ब्रेकांवर पहिली आली. वळणापाशीं तिचा चालक इतरांहून उशिरां ब्रेक लावी आणि तरीहि वेळेवर थांबे; शर्यत जिंकण्यास एवढें पुरेसें होतें. १९५५ सालीं सित्रोएनच्या डी-एस या गाडीनें हा ब्रेक रोजच्या वापरांत आणला. आणि १९६६ मध्यें, जॅग्वार कधीं स्वप्नांतहि न पाहणाऱ्या इटालियन कारकुनाच्या अकराशें-आर या गाडीलाहि तो मिळाला. शर्यतीपासून कारकुनापर्यंत तेरा वर्षें लागलीं.

आतां कुर्ल्याकडे वळूं. मुंबई इलाख्यांत मोटारीचा कारखाना काढावा ही योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं दुसऱ्या महायुद्धापूर्वींच मांडली होती आणि वालचंद हिराचंद यांनीं ती उचलून धरली होती. विहिरीवर विहीर खणावी त्याप्रमाणें अडचणीवर अडचण येत राहिली. शेवटीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी उभी राहिली, अमेरिकेंतील क्राइस्लर कंपनीशीं करार झाला, आणि १९४७ सालीं कुर्ल्याच्या कारखान्यांतून पहिली गाडी बाहेर पडली. शिवडीस १९२८ पासून जनरल मोटर्सचा जोडकारखाना होता. पण जी परकी कंपनी येथें क्रमाक्रमानें सुटे भाग तयार करणार नाहीं तिला थारा नाहीं, असें सरकारी धोरण ठरल्यावर १९५४ सालीं तो बंद झाला. त्याच वर्षीं प्रीमियरनें इटलीच्या फियाटच्या परवान्यावर अकराशें गाडी काढण्यास आरंभ केला. हीच ती गाडी, जिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूस उघडत आणि जिच्या गोलमटोल आकारामुळें मराठी माणसानें तिला ‘डुक्कर फियाट’ असें प्रेमळ नांव दिलें. १९६४ मध्यें तिची जागा चौकोनी अंगाच्या अकराशें-डी नें घेतली. १९७२ मध्यें फियाटचें नांव जाऊन ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली, १९७४ मध्यें ‘प्रीमियर पद्मिनी’. अंग तेंच राहिलें. जुन्या मुंबईकरानें मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलें.

यांतला योगायोग पाहण्यासारखा आहे. आपण अकराशें-डी हातीं घेतली तेव्हां इटलींत तिचे दिवस भरत आले होते. दोनच वर्षांनीं तेथें तिच्या जागीं डिस्क ब्रेकची अकराशें-आर आली, आणि तीहि १९७० च्या सुमारास मागें पडली. आपल्याकडे मात्र डी हें रूप गोठलें. ओल्या मातींत पडलेला पायाचा ठसा उन्हानें वाळून कठीण व्हावा तसें.

असें कां झालें, याचें खापर केवळ कारखान्याच्या माथीं फोडणें मला न्यायाचें वाटत नाहीं. गाड्यांची संख्या परवान्यानें बांधलेली, किमतीवर सरकारचें नियंत्रण, आणि नवें यंत्र किंवा नवा नमुना परदेशांतून आणावयाचा तर परकी चलनाची परवानगी. किमतीचा तंटा तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. वाढीव खर्च किमतींत भरून निघेल याची खात्री नसतांना नवा ब्रेक कोण बसवील? शिवाय दुसरी एक गोष्ट होती. गाडीसाठीं लोक वर्षानुवर्षें नांव नोंदवून वाट पाहत. गिऱ्हाईक रांगेंत उभें असेपर्यंत दुकानदार तराजू बदलीत नाहीं. ड्रमच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें पुष्कळ आहे: त्या काळच्या रस्त्यांवर वेगच थोडा होता; ड्रमला बूस्टर लागत नाहीं; आणि लायनर झिजले तर कोणत्याहि नाक्यावरचा मनुष्य रिव्हेट मारून नवे बसवून देई. पण एवढें सगळें मान्य करूनहि एक प्रश्न उरतोच. ब्रेक हा कांहीं घड्याळासारखा शोभेचा जिन्नस नव्हे. मधल्या काळांत रस्ते सुधारले, वेग वाढला, गाड्यांची गर्दी वाढली. टॅक्सींत पांच माणसें आणि डोक्यावर गावाकडची ट्रंक बसूं लागली. आणि थांबण्याचें साधन मात्र १९६४ चेंच राहिलें. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यास निघणाऱ्या अँबॅसडरची कथाहि बराच काळ याहून फारशी निराळी नव्हती.

हें बदललें तें बाहेरून. १९८३ च्या डिसेंबरांत मारुतीची पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हातीं पडली, आणि मारुति कुळांतल्या गाड्यांबरोबर पुढच्या चाकांतली डिस्क सामान्य घरांत आली. नव्वदीच्या दशकांत झेन आली. इतर परदेशी नमुने आले. त्यांतला एक नमुना तर आमच्या अगदीं शेजारचा. कल्याण-शीळ रस्त्यावर डोंबिवलीजवळ प्रीमियरचा दुसरा कारखाना होता, आणि तेथें १९९४ पासून फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या भागीदारींत प्यूजो ३०९ ही गाडी निघूं लागली. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असलेली ही गाडी डोंबिवलीस तयार होत होती, त्याच काळांत त्याच घराण्याच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ड्रमवाली पद्मिनीहि तयार होत होती. एकाच कुटुंबांत थोरल्याला चूल आणि धाकट्याला गॅस! पण प्यूजोची भागीदारी तीन-चार वर्षांतच मोडली. आज डोंबिवलींत ‘प्रीमियर मैदान’ हें नांव सभांच्या निमित्तानें ऐकूं येतें. तें त्या कारखान्याचें उरलेलें नांव आहे.

नवी गाडी जुनी होते, ठोकली जाते, बुडते, आणि भंगारांत जाते. म्हणून डिस्क ब्रेक रस्त्यावर आल्यावर दहा-पंधरा वर्षांनीं ते भंगारबाजारांत दिसूं लागले, आणि तेथेंच त्यांची जुन्या फियाटशीं गांठ पडली. या गांठीला २६ जुलै १९९५ नव्हे, तर २६ जुलै २००५ चा महापूरहि कारण झाला. त्या दिवशीं सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईंत आणि इकडे उल्हास नदीकांठच्या गांवांतहि पाणी घरांत शिरलें. जिच्या एंजिनांत आणि तारांत चिखल गेला ती गाडी मालकाला नकोशी होते. पण तिच्या कॅलिपरचें ओतीव अंग धुऊन पुसून पुन्हां कामास येतें.

भंगार हा शब्द आपण तुच्छतेनें उच्चारतों. तें बरोबर नाहीं. आपल्या मोटारधंद्याचा पायाच मुळीं अर्धा भंगारावर घातला गेला आहे. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. युद्ध संपल्यावर लष्करी जीप, ट्रक आणि त्यांचे सुटे भाग सरकारच्या डिस्पोजल खात्यानें विकावयास काढले, आणि त्यांवर देशांतल्या कितीएक गॅरेजवाल्यांनीं आपली विद्या मिळविली. त्याच छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ च्या ऑगस्टमध्यें त्या वस्तीचें उल्हासनगर झालें. तेथल्या माणसानें कोणतीहि वस्तु हुबेहूब करून दाखवावी ही ख्याति सर्वांस ठाऊक आहे. तिच्यावरचे विनोदहि ठाऊक आहेत. ब्रेकच्या बाबतींत मात्र हुबेहूब दिसणें आणि हुबेहूब असणें यांतला फरक जीवावर बेततो, एवढें जातां जातां सांगतों.

मोहन्याला तर भंगाराची ओळख फार दुःखद रीतीनें झाली. १९४६ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, म्हणजे एन्.आर्.सी. चा, कारखाना हाच या गांवाचा प्राण होता. २००९ मध्यें तेथें टाळेबंदी झाली, कामगारांचीं देणीं वर्षानुवर्षें थकून राहिलीं, आणि शेवटीं शेड व यंत्रें तोडून भंगार म्हणून ट्रकांतून जातांना त्या कामगारांनींच पाहिलीं. लोखंडाचा भाव किलोवर ठरतो. त्या लोखंडावर हात बसलेल्या माणसाचा भाव कोठेंच धरला जात नाहीं. माझ्या गाडीच्या कॅलिपरचा आधारपट्टा ज्यानें मापांत बेतून दिला तो असाच एका बंद पडलेल्या कारखान्यांतला वयस्क टर्नर. कागदाच्या जाडीचा फरक तो बोटाच्या टोकानें ओळखतो. त्याचें काम पाहून मला वाटलें कीं, भंगारांतून आपण खरोखर काय उचलतों तर लोखंड थोडें आणि अशी विद्या अधिक.

आतां प्रत्यक्ष शोधाकडे येऊं, कारण ज्यांच्या घरीं वडिलांची किंवा आजोबांची फियाट अजून ताडपत्रीखालीं उभी आहे असे पुष्कळ श्रोते असतील. मुंबईंत कुर्ल्याच्या गाड्या तोडणाऱ्या बाजारांत, भेंडीबाजाराजवळच्या चोरबाजारांत आणि नव्या मालासाठीं ऑपेरा हाऊसच्या बाजूस फिरावें लागतें. जाण्यापूर्वीं घरीं आपल्या गाडीचें पुढचें चाक काढून मापें घ्यावीं: हबची रुंदी, बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, चाकाच्या वाटींत किती जागा आहे. हीं मापें कागदावर नेण्यापेक्षां पुठ्ठा कापून त्याचा नमुनाच बरोबर न्यावा. चाकाच्या वाटींत कॅलिपर मावला नाहीं तर बाकीचें सगळें व्यर्थ. मिस्त्री लोक बहुधा मारुति कुळांतल्या गाडीचा कॅलिपर पसंत करतात, तो लहान असतो आणि मुबलक मिळतो म्हणून.

कुर्ल्याच्या गल्लींत पहिल्यांदा गेलेला मनुष्य गोंधळून जातो. एका बाजूस दरवाजांची चळत, दुसऱ्या बाजूस एंजिनें. कॅलिपर मात्र ढिगांत, काळ्या तेलकट पोत्यावर, एकावर एक टाकलेले. “चाचा, जोडी द्या, आणि एकाच गाडीची द्या,” हें पहिलें वाक्य. जोडी वेगवेगळ्या गाड्यांची असली तर दोहोंच्या दट्ट्यांचा व्यास सारखा असेलच असें नाहीं, आणि मग ब्रेक लावतांच गाडी एका बाजूस ओढते. दुकानदार अनुभवी असेल तर तो स्वतःच विचारतो, “साहेब, कोणत्या गाडीला लावणार?” आणि खरें उत्तर दिलें तर पुष्कळदां खरा सल्लाहि मिळतो. मग पाहावयाचें तें असें. दट्ट्याभोंवतीं गंजाचे खड्डे पडले आहेत काय? हवा काढण्याचा निपल शाबूत आहे काय, कीं कोणी पान्यानें पिळून आंतच मोडला आहे? सरकणारे पिन सरकतात काय? ओतीव अंगावर वेल्डिंगचा डाग दिसला तर तो कॅलिपर, फुकट मिळाला तरी, परत पोत्यावर ठेवावा. जळालेल्या गाडीचा मालहि घेऊं नये.

एक मजेदार घोटाळा नेहमीं होतो. आधारपट्टा बसविण्याच्या सोयीसाठीं डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावण्याचा मोह मिस्त्र्यास पडतो. लागतोहि. पण मग हवा काढण्याचा निपल खालीं येतो, आणि हवा तर नेहमीं वर जाते. ती कधींच निघत नाहीं आणि पेडल कायमचें स्पंजासारखें राहतें. असे महिने महिने ब्रेक ‘सेट’ करीत बसलेले लोक मीं पाहिले आहेत.

भंगारांतून काय घ्यावें आणि काय कधींच घेऊं नये, यांत माझें मत ठाम आहे. कॅलिपरचें अंग आणि त्याची चौकट जुनी चालते. रबरी वॉशर, होज, पॅड, बोल्ट, ब्रेक ऑइल हीं नवींच पाहिजेत. डिस्कच्या कडेवर तिची किमान जाडी बहुधा कोरलेली असते. त्याहून पातळ झालेली डिस्क लेथवर कितीहि गुळगुळीत केली तरी भंगारच. बोल्टांत काटकसर करणाऱ्याशीं मी वाद घालीत नाहीं, त्याच्या गाडींत बसत नाहीं. ऑइलसंबंधीं लोकांचा मोठा गैरसमज आहे कीं तें संपेपर्यंत टिकतें. ब्रेक ऑइल हवेंतली ओल शोषतें. डॉट ३ प्रतीचें नवें ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाहीं. ओल शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खालीं येऊं शकते. उकळलें कीं वाफ होते, आणि वाफ दबते. मग पेडलखालीं ब्रेक उरत नाहीं, हवा उरते. डिस्क असो कीं ड्रम, आमच्या दमट हवेंत तें दर एक-दोन वर्षांनीं बदललेंच पाहिजे.

पुढचीं दोन चाकें बदललीं म्हणजे काम संपलें असें नव्हे; येथेंच पुष्कळांचें काम बिघडतें. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्यें नळींत थोडा दाब राखून ठेवणारी झडप असते. ती तशीच राहिली तर पॅड डिस्कला चिकटून राहतात आणि दहा किलोमीटरांत चाक हात लावूं देत नाहीं. शिवाय कॅलिपरच्या मोठ्या दट्ट्याला ऑइलहि अधिक लागतें. जुना सिलिंडर तेवढें पुरवील याची खात्री नसते. साठच्या दशकांतल्या गाड्यांत सगळ्या चाकांना मिळून एकच नळीचक्र असे. एक नळी फुटली कीं चारी चाकें मोकळीं. म्हणून या निमित्तानें दुहेरी मास्टर सिलिंडर आणि बूस्टर बसविणें हेंच शहाणपणाचें. बूस्टर जुना घेतला तर त्याची परीक्षा सोपी आहे: एंजिन बंद ठेवून पेडल चार-पांच वेळां दाबावें, मग दाबून धरून एंजिन चालू करावें, पेडल किंचित् खालीं बसलें तर बूस्टर जिवंत आहे. हँडब्रेक मागच्या ड्रमवरच राहूं द्यावा. आणि शेवटीं मोकळ्या मैदानांत, कोणी आसपास नसतांना, प्रथम ताशीं २० वर, मग ४० वर जोरानें ब्रेक लावून पाहावें. मागचीं चाकें पुढच्यांच्या आधीं जाम होतां कामा नयेत. तीं आधीं जाम झालीं तर ओल्या रस्त्यावर गाडी लट्टूसारखी फिरते. जुने लायनर काढतांना ड्रममधली धूळ फुंकूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि तें फुप्फुसांत गेलें तर राहतें.

हें सारें ऐकून कांहीं जुन्या गाड्यांचे भोक्ते नाक मुरडतील. गाडी जशी जन्मली तशीच राहिली पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो, आणि तो अगदींच टाकाऊ नाहीं. जी गाडी वर्षांतून एकदां प्रदर्शनाच्या फेरींत शिवाजी पार्काभोंवतीं फिरावयाची तिला ड्रमच शोभतात. पण जी घाट उतरणार, जिच्यांत नातवंडें बसणार, तिला थांबतां आलें पाहिजे. शिवाय ज्या डिस्कबद्दल ते तक्रार करतात ती या गाडीच्या जन्मघरानेंच तिच्या बहिणीला १९६६ मध्यें दिलेली होती. परकें असें कांहीं आपण तिच्या अंगावर घालीत नाहीं.

कायद्याचीहि बाजू पाहिली पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीच्या तपशिलाशीं विसंगत ठरेल असा बदल गाडींत करतां येत नाहीं. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीं आपल्या आर्.टी.ओ. कचेरींत विचारून घ्यावें. २०२१ च्या जुलैमध्यें विंटेज गाड्यांचे निराळे नियम निघाले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपांत राखलेली आणि सांगाडा, अंग किंवा एंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडी असेल तर तिला ‘व्ही-ए’ अक्षरांचा निराळा क्रमांक मिळूं शकतो. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, दहा वर्षांनीं पुन्हां नोंदणीस ५,००० रुपये. पण अशी गाडी रोजच्या वापरास रस्त्यावर आणतां येत नाहीं. म्हणजे मालकाला ठरवावें लागतें कीं, गाडी पाहावयाची आहे कीं चालवावयाची.

इकडे मालाचा झराहि आटत चालला आहे. मुंबईंत टॅक्सीच्या वयावर प्रथम २५ वर्षांची आणि पुढें २० वर्षांची मर्यादा आली, तेव्हां पद्मिनी हजारोंनीं तुटल्या आणि कुर्ल्यास तिचे भाग वाटेल तितके मिळत. २००३ सालीं नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. ज्या मारुति ८०० चे कॅलिपर आपण शोधतों तिचें उत्पादनहि २०१४ च्या आरंभीं थांबलें. आतां सरकारमान्य भंगारकेंद्रें निघालीं आहेत; तेथें गाडी कागदोपत्रीं नीट मरते, हें चांगलेंच आहे, पण पोत्यावरच्या ढिगांत हात घालून हवा तो भाग उचलण्याची सोय तेथें नाहीं. म्हणून ज्यांना हें काम करावयाचें आहे त्यांनीं कॅलिपरची एक जादा जोडी आतांच घेऊन ठेवावी.

आणि काढलेले ड्रम विकूं नयेत. भंगारवाला ते किलोच्या भावानें घेतो, आणि एकदां गेलेली जोडी पुन्हां तशी सांपडत नाहीं. हबचे मूळ बोल्ट, शू, स्प्रिंगा, व्हील सिलिंडर हें सारें रॉकेलनें धुऊन, ग्रीस चोपडून, पोत्यांत बांधून, वर गाडीचा क्रमांक लिहून माळ्यावर ठेवावें. पुढच्या पिढींतल्या कोणाला गाडी मूळ रूपांत परत न्यावीशी वाटली, तर ती एका दुपारींत नेतां येईल.